बग कळवताना: वाचणाऱ्याचा वेळ वाचवा

समजा, सावद्याला केळीच्या गाड्यांचा हिशेब तुम्ही लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये (हिशेबाचे तक्ते करायचा भाग) ठेवता आणि पीडीएफ काढली की ‘व्यापाऱ्यांची यादी’मधला ऱ्या फुटतो. ‘मराठी नीट चालत नाही’ एवढंच लिहून पाठवलं, तर ती बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषाची, नोंद पडून राहणार. वाचणारा बहुधा फावल्या वेळात, बिनपगारी काम करणारा असतो आणि त्याला देवनागरी येत नाही. तोच घोळ त्याच्या संगणकावर पाच मिनिटांत दिसला पाहिजे.

आधी दोष कुठे आहे ते तपासा. हेल्प मेन्यूतून लिबरऑफिस सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे घोळ गेला तर गडबड तुमच्या प्रोफाइलमध्ये (साठवलेल्या सेटिंग्जमध्ये) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (वरून जोडलेल्या सोयीत). मग तोच मजकूर नोटो सान्स देवनागरीत लावून बघा. नीट उमटला तर संशय आधीच्या फॉन्टवर, आणि तक्रार फॉन्टवाल्यांकडे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (अक्षरांची जागतिक सांकेतिक पद्धत) नसतोच, तो बग म्हणून पाठवू नका.

ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: ऱ, हलन्त, य, किंवा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह), य. दिसायला सारखे, आत वेगळे. एकाच प्रकारात अक्षर फुटतंय हे सांगितलंत, तर शोधणाऱ्याचं निम्मं काम झालं. स्क्रीनशॉटमध्ये हा फरक कळत नाही, म्हणून सोबत फाइलही हवी. एक शीट, एक सेल, बस. खरी हिशेबाची फाइल मात्र कधीच जोडू नका. बगझिलावर, म्हणजे लिबरऑफिसचे बग नोंदवायच्या साइटवर, जोडलेली फाइल कुणालाही उघडता येते, आणि तुमच्या फाइलीत शेतकऱ्यांची नावं, मोबाइल आणि खाते नंबर असतात.

शीर्षकातच लक्षण सांगा: ‘पीडीएफमध्ये ऱ्या तुटतो, स्क्रीनवर ठीक’. खाली पायऱ्या:

१. जोडलेली फाइल उघडा.
२. फाइल मेन्यूतून पीडीएफ काढा.
३. पीडीएफमधला पहिला शब्द पाहा.

मग काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, प्रत्येकी एक ओळ. हेल्पमधल्या अबाउट खिडकीत कॉपीचं बटण आहे. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, भाषा सगळं त्यातून एकदम मिळतं. नोंद इंग्रजीत लिहा, मेन्यूंची नावंही. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.

पाठवण्याआधी जुन्या नोंदी शोधा. तोच बग सापडला तर ‘मलाही’ लिहू नका. त्या एका शब्दाचा मेल नोंदीवर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना जातो. तुमची आवृत्ती किंवा सिस्टिम वेगळी असेल तर तेवढं जरूर लिहा. बग गिटहबवर (अनेक प्रकल्प वापरतात ती दुसरी साइट) असेल, तर नोंदीवर अंगठ्याची खूण पुरते. ‘कधी होणार?’ हे तर विचारूच नका. सुरक्षेतलं भोक सापडलं तर उघड नोंद नको, प्रकल्पाच्या सुरक्षा पत्त्यावर खासगी मेल करा.

‘आंडोर’ (अहिराणीत मुलगा) लिहिलं की खाली लाल रेघ येते, हा बग नव्हे. मराठीच्या शब्दकोशात अहिराणी शब्द नाही, इतकंच. ती सुधारणेची मागणी म्हणून नोंदवा, शब्दांची यादी जोडलीत तर उत्तम.

नोंदीला ‘नीडइन्फो’ (माहिती हवी) हा शेरा लागला की विचारलेली माहिती द्या, नाहीतर काही महिन्यांनी नोंद बंद होते. दुरुस्ती झाल्यावर नुसत्या ‘थँक्यू’पेक्षा डेली बिल्ड (रोज तयार होणारी चाचणीची आवृत्ती) उतरवून तीच फाइल तपासा आणि ‘या बिल्डमध्ये ऱ्या नीट येतो, आभार’ असं बिल्डच्या तपशिलासह लिहा. अजून तुटत असेल, तर तेही लिहा.