प्रज्ञावंत विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी निवड कशी करावी

तालुक्यात प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी शनिवारचा वर्ग सुरू करायचे ठरले, की पहिली धावपळ प्रश्नपत्रिका काढण्याची होते. ती थांबवून वर्गातून काय साधायचे आहे, हे आधी दोन ओळींत लिहून काढावे. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणे हे एक उद्दिष्ट झाले आणि गणितात वयाच्या पुढे गेलेल्या मुलाला त्याच्या कुवतीचे काम देणे हे दुसरे. या दोन्हींसाठी निवडायची मुले वेगळी असू शकतात. अमेरिकी अभ्यासक जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञावंत कोणाला म्हणावे हे सांगताना सरासरीहून अधिक क्षमता, हाती घेतलेल्या कामाची चिकाटी आणि सर्जनशीलता यांच्या मेळावर भर दिला. यांपैकी चिकाटी तासाभराच्या पेपरात दिसणे कठीण आहे.

आम्ही पहिल्या वर्षी प्रमाण मराठीतली एकच लेखी परीक्षा घेतली, आणि यावलकडच्या पाड्यावरचा, घरी पावरी बोलणारा पाचवीतला एक मुलगा तिच्यात मागे पडला. पुढे केळीच्या बागेत सहज विचारले, की पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात किती खोडे बसतील? त्याने तेहेतीस फूट चौरस गुंठा धरला, गुंठ्यात त्रेचाळीस आणि वर थोडी, असे म्हणून चाळीसने गुणले आणि ‘सतराशे वीसच्या वर, साडेसतराशेच्या आत’ असे सांगितले. उत्तर १,७४२ येते. चूक अर्थातच आमच्या पेपराची होती.

म्हणून पहिली चाळणी सर्व मुलांची घ्यावी. केवळ शिक्षकांच्या शिफारशीवर विसंबल्यास सुवाच्य अक्षराची, शांत मुले पुढे येतात. रेव्हनच्या आकृतिबंधांसारखी, म्हणजे आकृत्यांच्या मांडणीतला गाळलेला तुकडा ओळखायला लावणारी, शब्दांविना चाचणी सोबत ठेवावी, मात्र तिचे गुण सर्वस्व मानू नयेत. सूचना अहिराणीत किंवा पावरीत सांगाव्यात. आश्रमशाळेतील मुलाची तुलना जळगाव शहरातील शिकवणीच्या मुलाशी न करता, त्याच्याच शाळेतील समवयस्कांशी करावी. त्यानंतर पंधरा-वीस दिवस प्रत्यक्ष काम देऊन निरीक्षणाची वही ठेवावी आणि पालकांशीही बोलावे.

यादी दरवर्षी नव्याने करावी. चाळणी दिवाळीपूर्वीच उरकावी, कारण त्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर अनेक मुले गाव सोडतात. ती परतल्यावर त्यांच्यासाठी दोन-चार जागा राखून ठेवाव्यात.