तणसाचे गठ्ठे बांधताय? या चुका टाळा

दुपारी बाराला मूठभर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, उचललं, कुरकुर वाजलं, म्हणून मी बेलरवाल्याला, म्हणजे गठ्ठे बांधायचं यंत्र चालवणाऱ्याला, फोन लावला. संध्याकाळपर्यंत चाळीस गठ्ठे गोठ्यामागच्या शेडमध्ये. तिसऱ्या दिवशी सहज एका गठ्ठ्यात हात खुपसला आणि चटकन मागे घेतला. आत ताज्या चहाच्या कपासारखी ऊब होती, ओलं बांधलेलं तणस आतल्या आत तापायला लागलं होतं. चूक बेलरवाल्याची नव्हती, त्याने मी सांगितलं ते बांधलं.

इतरत्र ज्याला भाताचा पेंढा म्हणतात, त्याला आम्ही भंडारा-गोंदियाकडे तणस म्हणतो. हाताने कापून, बांधून, पुंजणं (कापलेल्या धानाचा ढीग) घालून मळणी व्हायची तेव्हा तणस किती वाळलं हा प्रश्न फारसा पडत नसे, वाळायला दिवसच तेवढे मिळायचे. हार्वेस्टर आला आणि गडबड झाली. दाण्यात २० टक्क्यांच्या आसपास ओल असतानाच यंत्र कापून मोकळं होतं. दाणा तयार असला तरी खालची काडी तेव्हा हिरवीच असते, निम्मं वजन तर पाण्याचंच. गठ्ठा बांधताना काडीतली ही ओल १५ टक्क्यांच्या आत यायला हवी.

पहिली चूक माझीच: वरचं तणस पाहून ठरवलं. हार्वेस्टर तणस पट्ट्यात टाकतो. पट्ट्याचा वरचा थर दोन उन्हांत कडक होतो आणि खालचा बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, ओल्या मातीला चिकटून बसतो. आमची ती बांधी मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या खालच्या अंगाला आहे, त्यात जमीन कन्हार, म्हणजे काळी चिकण. कापणीनंतर आठवडाभर तिथे टाच रुतते. म्हणून पट्ट्याच्या तळाशी हात घालून तणस ओढा, तेही पाच-सहा ठिकाणी: बांधाच्या सावलीत, खोलगट कोपऱ्यात, जिथे यंत्र वळलं आणि तणसाचा ढीग पडला तिथे. निर्णय सर्वांत ओल्या जागेवरून घ्या. निदान एकदा तरी पट्टा पलटवा, रेक (तणस पलटवायचं दाताळं) असेल तर रेकने, नसेल तर काठीने. पलटवल्यावर पूर्ण एक दिवसाचं ऊन द्या. बेलरवाला शेजारच्या गावात आलाय, उद्या मिळणार नाही, ही घाई मला कळते. त्याच घाईत मी चाळीस गठ्ठे ओले बांधले.

दुसरी फसगत पात्यामुळे होते. पातं कागदासारखं वाजतं म्हणून काडीही वाळली असं वाटतं. पण काडीतलं पाणी सर्वांत शेवटी तिच्या गाठींतून जातं. जाडसर काडी घ्या, गाठीवर नख दाबा. नख रुतलं किंवा बोटाला गारवा लागला तर थांबा. मग दोन्ही हातांत जुडी धरून ओला कपडा पिळावा तशी पिळा. तीन-चार पिळांत तुटली तर वाळली. दोरखंडासारखी वळत राहिली, तुटलीच नाही, तर अजून ओल आहे.

वेळेचंही पाहा. लवकर पिकणारं हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, उशिरा पिकणारं भारी धान त्यानंतर, आणि तेव्हा दहिवर चांगलंच पडतं. सकाळी आठ वाजता तणस लवचिक लागतं, दुपारी एकला तेच कडक. अकराच्या आधी बेलर शेतात घालू नका आणि ऊन कलून तणस हाताला मऊ लागलं की थांबवा, मग अर्धी बांधी राहिली तरी चालेल. उन्हाळी धानाचं उलटं. मे महिन्यात तणस इतकं कडक होतं की बेलरमध्ये त्याचा चुरा होतो आणि गठ्ठा ढिला बसतो. तिथे भरदुपारऐवजी सकाळ बरी. मात्र वळवाचा पाऊस कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून तणस शेतात लोळत ठेवू नका.

हिरवं गवत ही लहान वाटणारी बाब आहे. बांधाकडेचं गवत, धानातला सावा, कापणीनंतर खोडाला फुटलेले कोंब हे सगळं तणसाबरोबर बेलरमध्ये जातं. बाकीचा गठ्ठा कोरडा ठणठणीत असला तरी तेवढा हिरवा गोळा आत सडतो.

ओल मोजायचं मीटर असेल तर उत्तम, पण एकाच गठ्ठ्यात खुपसून समाधान मानू नका. दहा गठ्ठे तपासा, मीटरची सळई मधोमध जाऊ द्या आणि सरासरी काढत बसू नका, सर्वांत वरचा आकडा धरा. मीटर नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या. तिच्यात एक तृतीयांश बारीक कापलेलं तणस आणि दोन चमचे मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर ठीक, गोळ्या झाल्या तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. घरचं मीठ आधीच दमट असतं, म्हणून तव्यावर परतून, गार करूनच वापरा. नाहीतर मिठाचीच ओल मोजाल. घरी मायक्रोवेव्ह आणि छोटा वजनकाटा असेल तर आकडाही काढता येतो. १०० ग्रॅम तणस, शेजारी पाण्याचा कप, थोडं थोडं तापवून वजन करत राहा. वजन ८६ ग्रॅमवर स्थिरावलं म्हणजे ओल १४ टक्के.

आणि ओलं बांधून बसलातच तर?

थप्पी ताबडतोब मोडा. गठ्ठे सुटे, हातभर अंतर ठेवून, हवा खेळेल असे उभे करा. वरून ताडपत्री गच्च ओढू नका, आतली वाफ तिलाच लागून परत खाली ठिबकते. लोखंडी सळई गठ्ठ्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून हाताने पाहा. कोमट असेल तर रोज तपासा. हात टिकत नसेल, म्हणजे साधारण ६५ अंशांच्या पुढे गेलं असेल, तर काकवीसारखा करपट गोड वासही येऊ लागतो. तो वास आला की गोठा आणि घर आधी सुरक्षित करा. ८० अंशांच्या वर गेलेली थप्पी स्वतः उपसू नका. आत दबलेली धग हवा मिळताच पेटते, आणि थप्पीवर चढलात तर आतून जळून पोकळ झालेल्या जागेत पाय जातो. अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा. हा धोका बांधल्यापासून सहा आठवडे तरी राहतो.

बुरशी धरलेलं तणस जनावरांना घालू नका. म्हशींना डेगनाला नावाचा रोग होतो, तो बुरशी लागलेल्या तणसामुळेच होतो असं मानतात. शेपटीचं टोक, कानाच्या कडा, खुरं काळी पडून झडतात. त्यात वरचं चांगलं, आतलं काळं असा गठ्ठा गोठ्यात सहज खपून जातो. असे गठ्ठे थेट खताच्या खड्ड्यात टाका, आणि सोडताना नाकातोंडाला गमछा बांधा, ती धूळ छातीत बसते.

माझ्या त्या चाळीसपैकी सत्तावीस गठ्ठे खड्ड्यात गेले. आता शंका आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या दोरीला मी लाल चिंधी बांधतो. सहा आठवडे तो गोठ्याकडे येत नाही, आणि आणताना आधी मधोमध फाडून आत पाहतो.