स्टीलच्या बटणावरचं बोट आधी उचला

एनबीए २के हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळायला लागलो तेव्हा डिफेन्स म्हणजे चौकोनाचं, म्हणजे स्टीलचं (चेंडू हिसकावण्याचं) बटण, एवढंच मला माहीत होतं. समोरच्याने ड्रिबल सुरू केला की मी ते बडवत सुटायचो. क्वचित चेंडू हाती लागायचा. एरवी माझा खेळाडू हात पुढे टाकून तिथेच अडकायचा आणि समोरचा बाजूने थेट रिंगखाली. वर फाउल. क्वार्टरमध्ये टीमच्या पाचव्या फाउलपासून समोरच्याला फ्री थ्रो मिळतात, आणि माझे पाच फार लवकर भरायचे.

मग एक अख्खी मॅच स्टील न दाबता खेळलो. हरलो, पण पॉइंट पहिल्यापेक्षा कमी खाल्ले. तुम्हीही सुरुवात अशीच करा. लक्ष फक्त डाव्या स्टिककडे. आपला खेळाडू सतत चेंडूवाला आणि रिंग यांच्या मधे हवा, त्याला चिकटून नको, एक पाऊल मागे. प्लेस्टेशनवर एल२ (एक्सबॉक्सवर एलटी) धरलं की तो गुडघे वाकवून बाजूला सरकतो. आर२ने धावायचं ते मागे पडलात तरच. समोर उभे असताना धावलात, तर त्याने दिशा बदलताच तुम्ही भलतीकडे जाता.

शॉटच्या वेळी घाई नको. त्याचे पाय जमिनीवरून सुटल्याशिवाय त्रिकोण दाबू नका, कारण पंप फेकवर (शॉटच्या नुसत्या हुलीवर) उडी मारली की संपलं. शंका असेल तर उजवी स्टिक वर धरून नुसते हात वर ठेवा. रिंगखाली तर मी बहुतेक वेळा एवढंच करतो.

खरी परीक्षा पिक अँड रोलची: त्यांचा एक खेळाडू तुमच्या वाटेत आडवा उभा राहतो (हीच स्क्रीन) आणि मग स्वतः रिंगकडे वळतो. यात मी सगळ्यात जास्त मार खाल्ला आहे. त्यांचा उंच खेळाडू स्क्रीन लावायला येताना दिसला की निर्णय तेव्हाच घ्यायचा, धडक बसल्यावर नाही. चेंडूवाला चांगला शूटर असेल, तर स्क्रीन आणि त्याच्यामधून घुसा. नसेल, तर स्क्रीनच्या मागून जा आणि त्याला लांबून मारू द्या. मला मात्र तिसरा मार्ग आवडतो: चेंडूवाल्याला कॉम्प्युटरवर सोडून आपल्या सेंटरचा (रिंगजवळच्या उंच खेळाडूचा) ताबा घ्यायचा आणि रिंगच्या वाटेवर उभं राहायचं. त्यासाठी आर१ दाबून हव्या त्या खेळाडूचं बटण दाबायची सवय लावा. नुसत्या एक्सने ऐन वेळी नको तोच खेळाडू हातात येतो.

मदतीला धावताना कोपऱ्यातल्या शूटरला मोकळं सोडू नका. तिथून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) फक्त २२ फुटांवरून पडतो, रिंगच्या समोरून २३ फूट ९ इंचांवरून. दोन पॉइंट वाचवायला जाऊन तीन देण्याची चूक मी शेकडो वेळा केली आहे.

घड्याळावरही नजर ठेवा. शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले शेवटचे पाच-सहा उरले की समोरचा स्वतःहून वाकडा शॉट मारतो, तोवर नुसतं समोर टिकायचं. आणि शॉट सुटला की चेंडूमागे पळू नका. आधी जवळचा माणूस शोधा, एल२ धरून त्याला पाठीने अडवा, मग त्रिकोण. रिंगला लागलेला चेंडू त्यांनीच परत उचलला, तर त्यांना नवे १४ सेकंद मिळतात आणि तुम्हाला हे सगळं पुन्हा करावं लागतं.