कथा-कादंबरीवरच्या भयपटाचे परीक्षण कसे करावे

कथा-कादंबरीवरून केलेल्या भयपटाबद्दल लिहायला बसले की पहिली ओढ याद्या करण्याची असते: कोणता प्रसंग गाळला, कोणते पात्र बदलले, शेवट कसा फिरवला. अशी यादी अर्ध्या तासात तयार होते, पण तिच्यावरून चित्रपटाचे बळही कळत नाही आणि उणीवही. मूळ लेखनात भीती नेमकी कशात होती आणि पडद्यावर तिला कोणती जागा मिळाली, या एका प्रश्नाभोवती परीक्षण उभे करावे. बाकीची निरीक्षणे मग आपोआप जागेवर बसतात.

त्यासाठी मूळ कथा शक्यतो चित्रपटाआधी वाचावी. वाचताना जिथे अंगावर काटा आला, तिथे थांबून पेन्सिलीने खूण करावी आणि समासात कारण लिहावे. ‘वर्णन भयानक आहे’ असे मोघम लिहून काही हाती लागत नाही. निवेदकावर विश्वास ठेवावा की नाही हे कळेनासे झाले म्हणून भीती वाटली, की वाचकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक नव्हती म्हणून, की लेखकाने ऐन वेळी वाक्य तोडले म्हणून, इतक्या बारकाईने कारण शोधावे.

शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ या कादंबरीतला एक प्रसंग यासाठी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. झपाटलेल्या घरात राहायला आलेली एलिनॉर अंधारात तिथल्याच सोबतीण थिओडोराचा हात घट्ट धरून पडलेली असते. उजेड होतो तेव्हा थिओडोरा तिच्यापासून दूर असते, आणि मग तो हात कुणाचा होता, एवढाच प्रश्न उरतो. इथे भुताचे वर्णन अजिबात नाही. आपण एलिनॉरच्या मनाच्या आत अडकलेलो आहोत, यातच सारी भीती आहे. रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली या कादंबरीवर केलेल्या ‘द हाँटिंग’मध्ये हे नेमके ओळखलेले दिसते. एलिनॉरचे स्वगत तिच्याच आवाजात ऐकू येते, दारापलीकडे काय आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त ठोके ऐकू येतात आणि बंद दार आतल्या बाजूला फुगत जाते. १९९९ सालच्या रूपांतरात मात्र संगणकाच्या साहाय्याने वास्तूतली शिल्पे जिवंत केली आणि भूतही दाखवून टाकले. दिसल्यावर शंका संपते, आणि ही कादंबरी तर शंकेवरच उभी आहे. म्हणून मी ही त्या चित्रपटाची मूलभूत उणीव मानतो, तांत्रिक सफाई कितीही असली तरी.

यावरून मूळ कथेशी इमान राखणे हेच बळ, असा निष्कर्ष मात्र काढू नये. स्टीफन किंग यांच्या ‘द शायनिंग’ या १९७७ सालच्या कादंबरीत हॉटेलच्या तळघरातला बॉयलर आहे. त्यातला दाब वेळोवेळी कमी करावा लागतो, आणि व्यसनाशी झगडणाऱ्या, मुलावर माया असलेल्या बापाच्या मनातला दाब त्याच्या जोडीने वाढत जातो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९८० सालच्या चित्रपटात हा धागा जवळजवळ नाहीसाच झाला. बाप पहिल्यापासूनच विस्कटलेला वाटतो, त्यामुळे एका चांगल्या माणसाच्या घसरणीची वेदना हरवते. किंग यांची नाराजी सर्वज्ञात आहे आणि या मुद्द्यावर ती मला रास्त वाटते. पण त्याच चित्रपटात त्या बापाचा लहानगा मुलगा डॅनी तीनचाकी सायकलवरून रिकाम्या दालनांतून फिरतो, तेव्हा उघड्या जमिनीवर चाकांची घरघर ऐकू येते, गालिचावर ती एकदम थांबते आणि पुन्हा सुरू होते; कॅमेरा त्याच्या उंचीवर उतरून मागून येत राहतो. वळणापलीकडे काय असेल, या धास्तीने आपण श्वास रोखून धरतो. कॅमेरा आणि ध्वनी यांनी मिळून घडवलेली ही भीती चित्रपटाची स्वतःची कमाई आहे. एकाच परीक्षणात या दोन्ही गोष्टी तितक्याच ठामपणे लिहाव्यात. एकीने दुसरी खोडली जात नाही.

असा भाग हेरण्यासाठी चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना काही प्रसंग आवाज बंद करून पाहावेत. आवाज गेल्यावर प्रसंगात काहीच उरले नाही, तर तो संगीताच्या धक्क्यावर तरला होता असे समजावे. आवाजाशिवायही अस्वस्थता टिकली, तर ती रचनेतून, प्रकाशातून किंवा अभिनयातून आलेली असते. दचकणे आणि घाबरणे यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

पात्रांतील बदलांसाठी फार जागा खर्च करू नये. बदलामागचे प्रयोजन सांगितले की पुरते. रॉबर्ट ब्लॉक यांच्या ‘सायको’ कादंबरीतला मोटेल चालवणारा नॉर्मन मध्यमवयीन, स्थूल आणि दारू पिणारा आहे, तर हिचकॉक यांनी १९६० सालच्या चित्रपटात त्याला तरुण आणि लाजरा केला. ज्या स्त्रीच्या सोबतीने आपण कथेत शिरलो ती मध्येच गेल्यावर प्रेक्षकाला कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि असा नॉर्मन तो पुढे करतो.

शेवट बदलला असेल, तर तो धक्कादायक आहे का, यापेक्षा त्याचे बीज आधी पेरले होते का, हे तपासावे. किंग यांच्याच ‘द मिस्ट’ या दीर्घकथेचा शेवट अनिश्चित आहे, तर फ्रँक डॅराबाँट यांच्या २००७ सालच्या चित्रपटाचा अतिशय निष्ठुर. तरीही तो उपरा वाटत नाही, कारण पिस्तुलात उरलेल्या गोळ्यांचा आणि गाडीतल्या माणसांचा हिशेब दीर्घकथेतल्या बापाच्या मनातही येऊन गेलेला आहे. असा दुवा मूळ पानावर सापडला, तर परीक्षणात तो जरूर दाखवावा. प्रत्यक्ष शेवट सांगणे मात्र टाळावे, आणि त्यावाचून मुद्दा पटवता येतच नसेल, तर त्या परिच्छेदाच्या आधी वाचकाला तशी स्पष्ट सूचना द्यावी.