दोन तबकड्यांवर ब्रेक कसा लांबवायचा

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यूवर झालेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात. तिथला डीजे कूल हर्क नाचणाऱ्यांवर बारीक लक्ष ठेवायचा. गाणं थांबून नुसते ड्रम उरले की मंडळी पेटतात, हे त्याने हेरलं. हाच तो ब्रेक.

तो लांबवायचा तर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती, दोन टर्नटेबल (तबकडी फिरवणारी यंत्रं), क्रॉसफेडर (एका तबकडीवरून दुसरीवर आवाज नेणारी सरकती कळ) असलेला मिक्सर आणि हेडफोन लागतात. रबरी मॅट काढून फेल्टची स्लिपमॅट (तबकडीखालची घसरती चकती) घाला, नाहीतर हाताने तबकडी धरली की खालची थाळीही अडते. सुईचा भार साधारण ३ ग्रॅम ठेवा; कमी असला तर मागे फिरवताना सुई उडते.

ब्रेक सुरू होतो त्या जागी दोन्ही लेबलांवर खूण करा. ब्राँक्सचाच डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश ती क्रेयॉनने करायचा, आणि त्याच्या या शिस्तीमुळेच अंदाजाची जागा मोजणीने घेतली. मिनिटाला ३३⅓ फेरे या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा. मिनिटाला १०० ठोके असतील तर फेऱ्यात ३ ठोके बसतात. म्हणजे १६ ठोक्यांचा ब्रेक ५⅓ फेऱ्यांचा.

पहिली तबकडी वाजत असताना दुसरी खुणेवर धरून ठेवा. सोळावा ठोका संपताच ती हलकेच पुढे ढकलून सोडा आणि क्रॉसफेडर सरकवा. नुसती सोडली तर वेग घेईपर्यंत ठोका मागे पडतो. मग पहिली ५⅓ फेरे उलटी फिरवा, हेडफोनमध्ये ऐकत, म्हणजे ती पुन्हा खुणेवर येईल.