विज्ञानकथेत शासनयंत्रणेचे अपयश कसे रंगवावे

अस्तित्वावरच घाला घालणाऱ्या संकटापुढे शासनयंत्रणा कशी कोलमडते, हे दाखवताना मूर्ख मंत्री किंवा भ्रष्ट अधिकारी उभा करू नये. कारण माणूस बदलला की प्रश्न सुटेल, असा वाचकाचा समज होतो. प्रत्येकजण आपले काम चोख करतो आणि तरीही संकट सर्वांच्या अधिकारकक्षेबाहेर उरते, अशी रचना करावी.

कथा गोव्यात घडवायची असेल, तर खाजन शेतीपासून, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीवरील शेतीपासून, आरंभ करावा. खारे पाणी थोपवणारे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी दारे, पूर्वी ‘गावकरी’ ही ग्रामसंस्था, म्हणजेच कोमुनिदाद, सांभाळत असे. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली.

समजा, भरतीचे पाणी ओसरणेच थांबले. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधिका ते मोजू शकेल, परंतु गाव रिकामे करण्याचा आदेश तिला काढता येणार नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. मात्र त्याच्या आराखड्यात पूर येतो आणि ओसरतो. नियमावलीत नाव नसलेली ही घटना कुणीतरी ‘पूर’ या रकान्यात नोंदवतो, आणि त्या एका नोंदीपासून पुढचे सारे चुकीचे निर्णय अगदी नियमानुसार घेतले जातात. माझ्या मते कथेचा प्राण इथेच आहे, म्हणून या प्रसंगाला भरपूर जागा द्यावी.

पर्वरीच्या विधानसभेतील भाषणे दोन ओळींत आटोपावीत. मानशी राखणाऱ्याचा अर्ज मात्र कोणत्या टेबलावर किती भरत्या पडून राहिला, हे तपशीलवार लिहावे.