इंग्रजी शब्द पाठ करताय? आधी या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बारावीनंतरच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. दर जूनला नवी मुलं येतात आणि तीच चूक घेऊन येतात: रोज पन्नास शब्द, प्रत्येकापुढे एक मराठी अर्थ, महिन्यात वही भरलीच पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात एकानं अशी वही दाखवली. सहाशेच्या वर शब्द, अक्षर मोत्यासारखं. त्यात 'बॉरो'पुढे 'उसने' आणि 'लेंड'पुढेही 'उसने'. म्हटलं, शेजाऱ्याचा डवरा (कोळपणीचं अवजार) मागून आणला, हे लिही. त्यानं लिहिलं, 'आय लेंट डवरा फ्रॉम माय नेबर.' म्हणजे डवरा यानंच दिला! "सर, अर्थ तर पाठ होता," म्हणाला. होताच. पण आपल्याकडे आणणारा उसना आणतो आणि देणाराही उसनाच देतो. इंग्रजीत घेणाऱ्याचा 'बॉरो', त्याच्यासोबत 'फ्रॉम'. देणाऱ्याचा 'लेंड', त्याच्यासोबत 'टू'. शब्दाचा जोडीदार वहीत नसेल तर तो शब्द वापरताच येत नाही. त्या पोराची महिनाभराची मेहनत पाहून मला खरंच वाईट वाटलं.

मी मुलांना रोज पाचच शब्द देतो. प्रत्येकाला अर्धं पान, त्यावर दोन वाक्यं, तीही आपल्या घरची, शेतातली. गाइडमधली उतरवलेली मी तपासत नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत वही न उघडता आठवायचे, आठवड्यानं पुन्हा. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, पण दिवाळीपर्यंत टिकतात ते हेच शब्द.

मराठी जोडी जशीच्या तशी उचलू नका. जोराचा पाऊस 'स्ट्राँग रेन' नाही, 'हेवी रेन'. चूक 'डू' करत नाहीत, 'मेक' करतात. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको.

मोबाइलवर पाहिलेले भारी शब्द सध्या बाजूला ठेवा. त्याऐवजी भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट बघा, म्हणजे अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी. ती ५७० शब्दकुळांची आहे; शब्दकुळ म्हणजे एक शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं. 'इन्कम', 'बेनिफिट', 'रिक्वायर', 'अव्हेलेबल' हे त्यातलेच. योजनेचा इंग्रजी फॉर्म समोर आला की हेच शब्द अडवतात.

आणि उच्चार स्पेलिंगवरून ठरवू नका. 'व्हेजिटेबल'मध्ये 'टेबल' नाही, 'व्हेज्टबल' म्हणा.